जाहिरातींचे मेल बंद करायला लॉगिन का लागावे?

निंबोणी (धागा)

मार्चमध्ये मी एका संकेतस्थळावरून पडद्यांचे दोन जोड मागवले. पैसे भरताना 'नव्या योजनांची माहिती हवी' या ओळीपुढची खूण आधीच केलेली होती आणि ती माझ्या नजरेतून सुटली. तेव्हापासून रोज एक मेल येतो, सणासुदीला तीन. तळाशी फिकट राखाडी, बारीक अक्षरांत 'अनसबस्क्राइब' लिहिलेले असते. ते दाबले की लॉगिन मागतात. खाते उघडल्याचे मला आठवतही नव्हते, म्हणून पासवर्ड नव्याने मागवला. मग चौदा चौकटींचे पान उघडले आणि प्रत्येक खूण स्वतंत्रपणे काढावी लागली. शेवटच्या बटणावर शब्द होते, 'नको, मला बचत करायची नाही'. तेही दाबले. तिसऱ्या दिवशी त्याच दुकानाचा मेल पुन्हा हजर, फक्त यादीचे नाव वेगळे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत संकेतस्थळांवरच्या फसव्या रचनांचे ('डार्क पॅटर्न') तेरा प्रकार दिले आहेत आणि नकार देणाऱ्याला ओशाळे वाटायला लावणे हा त्यांतलाच एक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे सहावे कलम तर सांगते की संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असावे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले तेव्हा या कलमासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. तोवर ग्राहकाने चौदा खुणा काढतच बसायचे का?

घरगुती_मसाले

मी दुसऱ्या बाजूची आहे. माझा मसाल्यांचा छोटा व्यवसाय आहे, यादीत नऊशे पत्ते आहेत आणि प्रत्येकाने तो स्वतः दिलेला आहे. लोक अनसबस्क्राइब न करता सरळ 'स्पॅम' दाबतात; असे काहींनी केले की बाकीच्यांच्या ऑर्डरच्या पावत्याही स्पॅममध्ये जाऊ लागतात आणि फोन मला येतात. लॉगिन मागण्यामागेही कारण असते. एका ताईंनी माझा मेल नणंदेला पुढे पाठवला, नणंदेने त्यातला अनसबस्क्राइबचा दुवा दाबला आणि यादीतून नाव ताईंचे गेले. दिवाळीला 'फराळाच्या मसाल्याचा मेल का आला नाही?' म्हणून त्या माझ्यावर रागावल्या. विलंबाचे म्हणाल तर अमेरिकेच्या जाहिरातींच्या मेलबाबतच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यानेही मेल थांबवायला दहा कामकाजी दिवस दिलेले आहेत.

निंबोणी

त्याच कायद्यानुसार मेल थांबवण्यासाठी ईमेल पत्त्यापलीकडे माहिती मागता येत नाही आणि एकाहून अधिक पाने उघडायला लावता येत नाहीत, त्यामुळे लॉगिनला त्याचा आधार नाही. नणंदेच्या अडचणीवर २०१७ च्या आरएफसी ८०५८ या तांत्रिक मानकाने उपाय दिला आहे. त्यात थांबवण्याची सूचना मेलच्या मजकुरात नसून शीर्षभागात (हेडरमध्ये, म्हणजे ॲपसाठी असलेल्या माहितीत) असते, मेल वाचण्याचे ॲप पाठवणाऱ्याच्या नावाजवळ बटण दाखवते आणि ते दाबले की विनंती थेट पोहोचते. मेल पुढे पाठवला तर हा शीर्षभाग सहसा सोबत जात नाही. जीमेलने २०२४ मध्ये दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना प्रचाराच्या मेलसाठी हीच सोय बंधनकारक केली आणि विनंती दोन दिवसांत अमलात आणायला सांगितले. जे दोन दिवसांत होते, त्याला दहा दिवस कशासाठी?

पहारेकरी

आपण दोघी कायद्यावर फार विसंबता आहात. ज्याला आपण पत्ता दिलाच नाही, त्याच्या मेलमधले अनसबस्क्राइब कधीही दाबू नये. पत्ता चालू आहे आणि कोणीतरी वाचते आहे, एवढी बातमी आपणच त्याला पुरवतो. दूरसंचार नियामक ट्रायची जाहिराती थांबवण्याची १९०९ ही सोय फोन आणि एसएमएससाठी आहे, मेलसाठी नाही. मी फिल्टर लावतो, मेल परस्पर कचऱ्यात जातो आणि कोणाची विनवणी करावी लागत नाही.

निंबोणी

अनोळखी मेलबाबत आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण ओळखीच्या कंपनीचे काय? माझ्या वडिलांना मी असाच फिल्टर लावून दिला होता. ती विमा कंपनी जाहिराती आणि हप्त्याची स्मरणपत्रे एकाच पत्त्यावरून पाठवत होती. हप्त्याची तारीख टळून गेली तेव्हा स्मरणपत्रे कचऱ्याच्या पेटीत सापडली, तीनही न उघडलेली. एकाहत्तर वर्षांच्या माणसाने फिल्टरच्या अटी लिहीत बसावे, ही अपेक्षाच मला चुकीची वाटते.

घरगुती_मसाले

हे वाचून मी पावत्यांसाठी वेगळा पत्ता घेते आहे, आणि लॉगिनही काढून टाकते. मात्र मजकुरातल्या दुव्यावर 'खरेच थांबवायचे का?' असे एकदा विचारणारे बटण मी ठेवणारच. त्या ताईंचा फोन मी विसरलेले नाही.