ऑडिटर, लेखापरीक्षक की हिशेबतपासनीस?

प्रश्न : ‘ऑडिटर’ला बोलण्यात खपेल असा मराठी शब्द कोणता? आणि सनदी लेखापाल (सीए) व लेखापरीक्षक एकच का?

— एकच नव्हेत. सनदी लेखापाल ही 1949 च्या कायद्याने मिळणारी सनद, लेखापरीक्षक हे काम. गंमत बघा, लेखापाल म्हणजे वह्या सांभाळणारा. आणि ज्याने वह्या लिहिल्या त्याने त्या तपासू नयेत हा आमच्या धंद्याचा पहिला नियम! दारावरच्या पाटीचं आणि आतल्या कामाचं असं जमत नाही.

फोर्टात इतकी वर्षं काढली, पण ‘लेखापरीक्षक’ कोणाच्या तोंडी ऐकला नाही. ‘पार्टीचं ऑडिट लागलंय’, ‘व्हाउचिंग झालं का’ (म्हणजे नोंदी पावत्यांशी ताडून पाहिल्या का), ‘टिक मारलीस का’, एवढंच. आर्टिकलच्या, म्हणजे सीए होण्यासाठी हाताखाली शिकणाऱ्या पोरांची बोटं हिरव्या शाईने माखलेली. ‘हिशेबतपासनीस’ अर्थाला चोख, पण मुंबईकराला तपासनीस म्हटलं की दादरच्या जिन्याशी उभा असलेला टीसी दिसतो आणि हात पासाकडे जातो. आम्हाला बघून सोसायटीच्या सेक्रेटरींचंही हेच होतं.

मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘ऐकणे’. हिशेब मोठ्याने वाचायचे, जाणत्याने ऐकायचे. आपण ऐकणाऱ्याला परीक्षक केलं, तिथे बिनसलं असं माझं मत. सहकारी संस्थांच्या ऑडिटनंतरचा ‘दोषदुरुस्ती अहवाल’ घ्या. आमच्याच सोसायटीच्या वार्षिक सभेत तो वाचायला घेतला, तर मागून एक आजोबा उठले, “दोष कोणाचा ते आधी सांगा! नाव घ्या!” अर्धा तास गेला. दोष काय, तर रंगाऱ्याला रोख दिलेल्या 6,000 रुपयांच्या पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प नव्हता. ‘त्रुटी’ म्हटलं असतं तर वडे गरम मिळाले असते.

मला विचाराल तर ‘ताळा’ परत आणा. शाळेत गणित सोडवून ताळा करून बघायचो, त्यात कोणाला चोर ठरवणं नव्हतं. ताळेबंदात तो आहेच. कोणी ‘डोकं ताळ्यावर ठेव’ म्हणालं तरी मला तोच ऐकू येतो. ऑडिट म्हणजे हिशेबाचा ताळा, बस्स.

— दादा, काम ‘ताळा’ ठीक, पण माणसाला काय म्हणायचं? ताळेवाला? आमच्या नाक्यावर ताळेवाला कुठे बसतो विचारलंत, तर डुप्लिकेट किल्ल्या करणाऱ्याकडे पाठवतील.