किनाऱ्यावरच्या जुन्या गल्ल्या आणि एका खिडकीची परवानगी

ओळंबा
'रोखठोक' यांनी परवा लिहिलं की समुद्रकाठच्या गावांतल्या जुन्या गल्ल्या जपा म्हणणारे सगळे सुटीत येऊन फोटो काढणारे, आणि गळकं छप्पर मात्र तिथे राहणाऱ्याने सोसायचं. दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण डोकं फिरलं.

अहो, गल्ली म्हणजे सुटी सुटी घरं नव्हेत. सगळ्यांच्या वळचणी साधारण एका रेषेत, रस्त्याच्या रुंदीला पेलेल एवढीच उंची, खिडक्या आडव्या कमी आणि उभ्या जास्त. चाळीस घरांच्या ओळीत एकाने निळ्या काचेचा दर्शनी भाग ठोकला, की उरलेली एकोणचाळीस जुनी न दिसता जुनाट दिसू लागतात. मग प्रत्येकालाच काच हवी. ब्रिटनने १९६७च्या कायद्यात संवर्धन क्षेत्रं आणली ती याचसाठी: एकेकटी इमारत सामान्य असेल, समूह सामान्य नसतो. फ्रान्सने त्याआधीच, १९६२ साली, मालरो सांस्कृतिक मंत्री असताना अख्खे भाग संरक्षित करायचा कायदा केला. हे लोक काही सुटीवर आलेले नव्हते.

रोखठोक
कायदे तोंडपाठ आहेत, कौतुक आहे. आता माझी खिडकी ऐका.

स्वयंपाकघराची खिडकी. चौकट खालून कुजलेली, बोट घातलं तर आत जायचं. मला यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची, बसवायची होती. वारसा समितीने सांगितलं, लाकडीच, आणि झडपांच्या पट्ट्या होत्या तशाच तिरप्या. ठीक. नकाशा दिला. मग दुसरा मागितला. मग पहिला हरवला. ११ महिने खिडकीला प्लास्टिकचा कागद आणि सुतळी. रात्री वारा सुटला की तो कागद असा फडफडायचा की आई उठून बसायची. आणि तीन घरं सोडून एका वजनदार गृहस्थांच्या दर्शनी भिंतीवर एसीची चार खोकी लटकली, त्यांना कुणी नकाशा विचारला नाही. वारसा म्हणे!

वाटसरू
दोघांनाही एक विचारतो. घरं वाचली आणि माणसं गेली तर काय वाचलं? मलेशियातलं जॉर्जटाउन २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. पण २००० साली भाडेनियंत्रण उठलं तेव्हाच पिढ्यान्‌पिढ्या दुकानाच्या वर राहणारे भाडेकरू बाहेर पडू लागले होते. कित्येक घरं ओस पडली. काहींच्या माडीवर तर पाकोळ्या पाळल्या: पक्ष्यांचे आवाज ध्वनिक्षेपकावर वाजवायचे, पाकोळ्या आल्या की त्यांची खाण्याजोगी घरटी विकायची. दर्शनी भाग शाबूत आणि आत पाखरं!

ओळंबा
तो दोष भाडेधोरणाचा, संवर्धनाचा नाही.

वाटसरू
हो, तुमच्याकडे दोष नेहमी शेजारच्या खात्याचाच असतो.

चुनखडी
खिडकी राहू द्या बाजूला. रोखठोक, चौकट खालूनच का कुजली? बाहेरून सिमेंटचा गिलावा केलाय का?

रोखठोक
केलाय. पक्का. आठ वर्षं झाली.

चुनखडी
तिथेच घात झाला. खाऱ्या वाऱ्याने भिंतीत मीठ शिरतंच. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते, मीठ गिलाव्यातच साचतं, गिलावा झडतो आणि भिंत वाचते. सिमेंट ओल कोंडून धरतं. मग मिठाचे स्फटिक आत वाढतात, विटेचं तोंड फुटतं आणि ओल लाकडाकडे वळते. आमच्या आजोळच्या घराला मामांनी हौसेने सिमेंट थापलं. पुढे ते पत्र्यासारखं अख्खं सुटून आलं, आणि मागची वीट चमच्याने खरवडता येत होती.

ठोकळा
आला चुना! मी २२ वर्षं साइटवर आहे. चुना भिजवून मुरवणारा गवंडी मिळतो का? दमट हवेत साधा चुना धरायला किती दिवस लागतात ठाऊक आहे? चुनेवाल्यांचा एक पंथ झालाय.

चुनखडी
पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४चं. त्याआधीच्या बंदरांतल्या भिंती काय थुंकीने चिकटवल्या होत्या? आणि दमट हवेचं म्हणाल तर पाण्यातही धरणारा चुना असतो. स्मीटन या इंग्रज अभियंत्याने इंग्लंडजवळच्या एडिस्टनच्या खडकावर, भर समुद्रात, तोच वापरून दीपगृह बांधलं, १७५९ साली पुरं केलं. शतकभराने ते उतरवावं लागलं कारण खालचा खडक झिजत होता. मनोरा नव्हे, खडक. वरचा भाग प्लिमथला नेऊन पुन्हा उभा केला, अजून आहे.

ठोकळा
स्मीटनला भेटलात तर माझा नमस्कार सांगा, आणि दोन गवंडी पाठवायला सांगा.

ओळंबा
ठोकळा, तुमच्या काँक्रीटचं बोला ना. खाऱ्या हवेत सळई गंजते, गंज फुगतो, स्लॅबचे पोपडे डोक्यावर पडतात. तेव्हा कोणता पंथ?

ठोकळा
सळईवर पुरेसं आवरण ठेवलं तर पडत नाहीत. लोक पैसे वाचवतात आणि शिव्या आम्हाला. बरं, जुन्या विटेवर सिमेंट नको, एवढं मान्य. चुनखडीबाईंचं समाधान झालं असेल तर मी जेवायला जातो.

रोखठोक
म्हणजे ११ महिने समिती पट्ट्यांचा तिरपेपणा मोजत बसली आणि ज्याने खिडकी खाल्ली त्या गिलाव्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही?

ओळंबा
नाही काढलं. समित्या दिसतं तेवढंच तपासतात. हे कबूल करताना दात दुखतायत, पण कबूल.

रोखठोक
नोंद घेतली. चुनखडी, पोकळ कुठे झालंय ते कसं ओळखायचं?

चुनखडी
थापीच्या मुठीने हलकेच ठोका, खालून वर. बद्द आवाज आला की तिथे सुटलंय. खूण करा, पण ओढून काढू नका, विटेचं तोंड सोबत येईल.

रोखठोक
ठोकलं. कमरेपर्यंत सगळं बद्द वाजतंय. यूपीव्हीसीचा मुद्दा मात्र मी मागे घेतलेला नाही.