छोट्या गॅलरीने चित्रकाराकडून भिंतीचं भाडं घ्यावं का?

गॅलरीवाली
परवा एका तरुण चित्रकर्तीने विचारलं, "तुमच्याकडे आठवड्याचं भाडं किती?" म्हटलं, भाडं नाही. काम पटलं तर लावू; विकलं गेलं तर निम्मं तुझं, निम्मं गॅलरीचं. तिला आधी खरंच वाटेना, म्हणून हा विषय काढते आहे. छोट्या स्वतंत्र गॅलरीने चित्रकाराकडून भाडं घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

नऊ वर्षं एका खोलीची गॅलरी चालवते. जागेचं भाडं, विजेचं बिल, विमा हे सगळं ठरल्या तारखेला दारात उभं राहतं; विक्रीला मात्र तारीख नसते. गेल्या वर्षी सहा प्रदर्शनं केली, त्यातल्या दोनांनी उरलेल्या चारांना पोसलं. मोह होतोच. पण भाडं आगाऊ हातात पडलं की संग्राहकांना दहा-दहा फोन करायची निकड संपते. आणि पैसे देणाऱ्याला 'हे काम अजून झालेलं नाही' असं सांगायचं तोंडही उरत नाही.

मांडणशिल्पकार
ताई, हेतू चांगला आहे, पण दुसरी बाजूही ऐका. कमिशनवर चालणारी गॅलरी खपेल तेच लावते. मी जमिनीवर ओली माती पसरतो. दहा-बारा दिवसांत ती वाळते, कडा उचलल्या जातात, भेगा पडतात; ते वाळणं हेच काम. तीन वर्षं गॅलऱ्यांचे उंबरठे झिजवले. "छान आहे, पण घरी कोण नेणार?" शेवटी भाड्याचा हॉल घेतला आणि तिथे लोकांनी ते पहिल्यांदा पाहिलं. भाडं नसतं तर ते काम झालंच नसतं.

शिवाय निम्मं कमिशन म्हणजे उशिरा घेतलेलं भाडंच की. साहित्य, फ्रेम, वाहतूक माझ्या खिशातून. एका गॅलरीने माझी रेखाटनं विकताना नेहमीच्या संग्राहकाला सूट दिली आणि ती सगळी माझ्या हिश्श्यातून कापली. पैसे हातात आल्यावर मला कळलं.

कलाशिक्षिका
न खपणारं काम धाडसाने दाखवणाऱ्या जागाही बहुतेक वेळा छोट्याच असतात. रॉबिन क्लासनिक यांनी १९७९ मध्ये लंडनमध्ये स्वतःच्या स्टुडिओत मॅट्स गॅलरी सुरू केली. तिथे १९८७ मध्ये रिचर्ड विल्सन यांनी अख्खी खोली वापरलेल्या इंजिन ऑइलने कमरेएवढी भरली. मधे एक चिंचोळी वाट, आणि दोन्ही बाजूंच्या काळ्याशार तेलात छत उलटं दिसायचं. ते काम पुढे चार्ल्स साची या बड्या कलासंग्राहकाच्या संग्रहात गेलं.

मला तर वाटतं, पैसे उलट दिशेने जायला हवेत. कॅनडाच्या कॉपीराइट कायद्यात १९८८ पासून प्रदर्शनाचा हक्क आहे. विक्रीसाठी नसलेल्या सार्वजनिक प्रदर्शनात काम मांडलं, तर कलावंताला मानधन मागता येतं. त्यासाठी सार्वजनिक अनुदान हवं, हे मान्य.

हिशेब बघणारा
दोन छोट्या गॅलऱ्यांची वहीखाती माझ्याकडे आहेत. अनुदान मिळतं ते प्रकल्पाला. कॅटलॉग छापून होतो, पण छत गळत असेल तर त्याला त्यातला पैसा लावता येत नाही. आणि पुढच्या वर्षी ते मिळेलच याची खात्री नाही.

निव्वळ कमिशनवर विसंबणंही धोक्याचं. बेटी पार्सन्स यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गॅलरी काढली. पोलॉक, रॉथको या पुढे नावाजलेल्या अमूर्त चित्रकारांची चित्रं फारसं कुणी घेत नव्हतं तेव्हा लावली. १९५०च्या दशकात दोघेही सिडनी जॅनिस यांच्या गॅलरीत गेले. पेरणी एकाची, सुगी दुसऱ्याची. २०१८ मध्ये डेव्हिड झ्वर्नर या बड्या गॅलरीवाल्यानेच सुचवलं की आर्ट फेअरमध्ये, म्हणजे गॅलऱ्या स्टॉल घेऊन कामं विकतात त्या जत्रेत, छोट्यांचा भार मोठ्यांनी थोडा उचलावा. २०१९ पासून आर्ट बाझल या स्वित्झर्लंडमधल्या मोठ्या फेअरने मोठ्या स्टॉलला चौरस मीटरमागे जास्त दर लावला. पण वर्षातल्या चार दिवसांच्या सवलतीवर गॅलरी चालत नाही. वर्षातले दोन महिने जागा उघडपणे भाड्याने द्या आणि त्यावर दहा महिने मनासारखं दाखवा, असं मी माझ्या दोघांनाही सांगतो.

गॅलरीवाली
दोन महिन्यांचा हिशेब मीही मांडून पाहिला होता. अडचण अशी की बाहेरच्या माणसाला भिंत तीच दिसते. कुठलं काम आम्ही निवडलं आणि कुठलं पैसे भरून आलं, हे त्याला कसं कळणार? नऊ वर्षांत जमवलं ते एवढंच, की आम्ही लावलंय म्हणून लोक थांबून बघतात. ते मी भाड्याने देणार नाही. मागच्या खोलीत फ्रेमिंगचं काम घेते आणि दर वर्षी एका चित्रकाराच्या पंचवीस प्रतींची मुद्राचित्रं काढते. खड्डा त्यातून भरतो, सगळा नाही.

सूट कुणी सोसायची याबाबत मात्र दादा, तुमचं शंभर टक्के बरोबर. आमच्या करारात तसं कलमच नव्हतं. काल घातलं: दहा टक्क्यांपर्यंतची सूट दोघांनी निम्मी-निम्मी सोसायची; त्यावर द्यायची असेल तर गॅलरीने पदरची द्यायची. विक्रीचे पैसे तीस दिवसांत.

मांडणशिल्पकार
कलम चांगलं आहे, मी माझ्या करारात घालून घेईन. पण भाडं वाईट हे मला अजून पटलेलं नाही. तुम्ही वर्षाला सहा जणांना लावता. सातव्याने कुठे जायचं?