तस्करी : चोरी की चोरटेपणा?

रुद्रपाठात ‘तस्कराणां पतये नमः’ असे म्हटले जाते, तेव्हा तिथला तस्कर म्हणजे सरळसरळ चोर. अमरकोशातही तो स्तेन, दस्यू, मोषक यांच्याच पंगतीला बसलेला आहे. यास्कांनी निरुक्त या आपल्या प्राचीन व्युत्पत्तिग्रंथात ‘तत् करोति’, म्हणजे ‘ते पापकर्म करणारा’, अशी या शब्दाची फोड दिली आहे. मूळ शब्दात कर्माचे नाव न घेता नुसते ‘ते’ म्हणून सोडून दिले आहे, हे मला फार बोलके वाटते. व्याकरणात तर तस्कर आणि बृहस्पती हे दोन्ही शब्द एकाच वार्तिकाने, म्हणजे सूत्राला जोडलेल्या पूरक नियमाने, सिद्ध होतात. दोन्हींत त् जातो आणि स् येतो.

आजच्या तस्करीत मात्र माल चोरीचा असावाच लागत नाही. दुबईच्या बाजारात पुरते पैसे मोजून आणि पावती घेऊन खरेदी केलेले सोने, विमानतळावर शुल्क चुकवण्यासाठी पट्ट्यात दडवून आणले की ती तस्करी होते. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मधील व्याख्याही चोरीवर बेतलेली नाही. ज्या कृतीमुळे किंवा कसुरीमुळे माल जप्तीस पात्र ठरतो, ती कृती वा कसूर म्हणजे तस्करी, असा तिचा आशय आहे.

‘स्मगलिंग’ हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात डच व उत्तर जर्मन बोलींकडून आला आणि त्याच्या मुळाशी दबकत, लपतछपत जाण्याची कल्पना असल्याचे मानले जाते. ही छटा मराठीत तस्करीपेक्षा ‘चोरटी आयात’ या जुन्या शब्दप्रयोगात अधिक नेमकी उतरते. जुन्या बंडीला आतल्या बाजूने, बाहेरून शिवणही दिसू नये असा जो खिसा शिवत, त्याला चोरखिसा म्हणत. त्यात ठेवलेले पैसे मालकाचेच असत. चोरवाट आणि चोरदरवाजा यांतल्याप्रमाणे तिथेही ‘चोर’ म्हणजे फक्त ‘लपलेला’. गुजरातीने ‘दाणचोरी’ हा शब्द योजला. दाण म्हणजे जकात, त्यामुळे नेमके काय बुडवले जाते ते शब्दातच आले.

वर्तमानपत्रांतील ‘वाळू तस्करी’ला अनेकांचा आक्षेप असतो, कारण नदीपात्रातून रात्री उपसलेली वाळू बहुधा कोणतीही सीमा ओलांडत नाही. मला तो प्रयोग चुकीचा वाटत नाही. तिथे शब्द आपल्या मूळ अर्थाकडेच परतला आहे, आणि नदीकाठची माणसे तर त्याला सरळ वाळूचोरीच म्हणतात.

‘मानवी तस्करी’बद्दल मात्र माझा ठाम विरोध आहे. पैसे घेऊन एखाद्याला त्याच्या संमतीने चोरट्या वाटेने परदेशी पोचवणे आणि एखाद्या मुलीला फसवून विकणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. संयुक्त राष्ट्रांनीही २००० साली त्यांच्यासाठी दोन स्वतंत्र प्रोटोकॉल, म्हणजे पूरक करार, स्वीकारले. दुसऱ्या गुन्ह्यात सीमा ओलांडली जाणे आवश्यकच नसते, तो एकाच गावातही घडू शकतो. त्यासाठी संविधानाच्या मराठी पाठात, अनुच्छेद २३ मध्ये, ‘माणसांचा अपव्यापार’ हा नेमका शब्द आहे. बातमी लिहिताना तोच वापरावा, असा माझा आग्रह आहे.