बोटीतलं जुनं बीएमसी इंजिन बांधायचं की नवीन इंजिन टाकायचं? ('भंगार'वाल्या पोस्टला उत्तर)

कालवेकर
परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं की नॅरोबोटीतलं (इंग्लंडच्या कालव्यांतली लांब, अरुंद बोट) तीस-पस्तीस वर्षांचं इंजिन बांधून घेणं म्हणजे भंगारावर पैसे उधळणं, सरळ नवीन बीटा नाहीतर कॅनालाइन टाका आणि मोकळे व्हा. मोकळे व्हा म्हणे! मोकळा खिसा होतो. माझी ५७ फुटी, आत बीएमसीचं १.८ लिटरचं डिझेल इंजिन, थंडीत चालू करताना पांढरा धूर काढतं आणि हल्ली ऑइलही खातंय, हे मान्य. म्हणून यार्डात कोटेशन मागितलं. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून आठ-नऊ हजार पौंड, म्हटलं ठीक आहे. पुढचं पान उलटलं तर नव्या इंजिनाचे पाय जुन्या बेअररवर (खालच्या पोलादी आधारांवर) बसत नाहीत म्हणून ते कापून परत वेल्डिंग, कपलिंग नवीन, एक्झॉस्ट नवीन, केबली, वायरिंग, आणि गिअरबॉक्सचा रेशो बदलला की प्रॉपेलर पण बदला, म्हणजे बोट पाण्याबाहेर काढा, त्याचे वेगळे. आणि एवढं सगळं लिहिणाऱ्याने स्किन टँक (बोटीच्या तळाला आतून चिकटलेली टाकी, जिच्यातून इंजिनाचं पाणी थंड होतं) मोजलाच नव्हता. दर चार हॉर्सपॉवरला एक चौरस फूट टँक लागतो हा साधा ठोकताळा, विचारलं तर म्हणतो "बघू". कालव्यात ताशी चार मैलांची मर्यादा आहे म्हणून चालून जाईल हो, पण ट्रेंट नदीवर प्रवाहाविरुद्ध फुल रेव्हला तापलं तर काय तिथे बघायचं?

शिवाय बीएमसीचं सामान मिळतं. आपल्याकडे डिझेल अ‍ॅम्बॅसेडर ओढली त्या १.५ चं हे मोठं भावंड. पिस्टन, रिंगा, गॅस्केट सगळं मिळतं, ब्लॉकसुद्धा मिळतो. भंगार कशाला म्हणायचं याला?

टिलरताई
ती पोस्ट माझी होती. 'कुणीतरी' काय, नाव घ्यायला लाज वाटते का?

मी बांधून घेतलंय इंजिन, म्हणून बोलते. बोअर (सिलिंडरची आतली बाजू), क्रँक ग्राइंडिंग, हेड, सगळं केलं, एकदम गुणी पोरासारखं चालायला लागलं. पुढच्याच हिवाळ्यात डिझेल पंप गळायला लागला. तो केला तर गिअरबॉक्स घसरायला लागला. कारण बांधलं फक्त इंजिन, त्याला चिकटलेलं बाकी सगळं जुनंच ना! आणि मग टेम्सवर, लाइमहाउसहून ब्रेंटफर्डला भरतीच्या पाण्यात निघालो होतो, हॅमरस्मिथच्या पुलाअलीकडे इंजिन बसलं. नवरा पुढे नांगर टाकतोय, मी मागे इंजिन परत चालू व्हावं म्हणून हीटर प्लगचं बटण दाबून धरलंय आणि भरती बोटीला पुलाच्या खांबाकडे नेतेय. तिथे उभं राहून मला सांगा सामान मिळतं म्हणून.

कालवेकर
वाईट झालं, पण त्यात ब्लॉकचा काय दोष? तुम्हीच सांगताय की आधी पंप गेला, मग गिअरबॉक्स.

टिलरताई
तेच तर म्हणतेय! नवीन घेतलं की ते सगळं नवीन येतं. वाचा नीट.

फिटरचा_मुलगा
दोघांनाही नमस्कार. आमच्या बाबांचं इचलकरंजीत लेथचं दुकान होतं, शेतकऱ्यांची पंपाची इंजिनं बांधायला यायची. बोअर गेज लावल्याशिवाय बाबा भावच सांगायचे नाहीत, कितीही ओळखीचा असला तरी. वर किती झिजलाय, खाली किती, ओव्हल आहे का, मग बोलायचं. इथले यार्डवाले धूर बघून नव्या इंजिनाचं कोटेशन देतात. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासलं का कुणी? आणि दादा एक विचारतो, राग नको. बोट जागेवर उभी असताना इंजिन रोज किती वेळ चालवता?

कालवेकर
बॅटऱ्या चार्ज करायला चालवावंच लागतं. घरून काम आहे माझं. हिवाळ्यात इथे सोलर काय देतं ते सगळ्यांना माहितीये.

फिटरचा_मुलगा
मग झालं. डिझेल इंजिन लोड नसताना आयडलवर तासन् तास ठेवलं की पुरतं तापत नाही, बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो, रिंगा धरत नाहीत, ऑइल वर येतं. हे असंच चालवणार असाल तर बांधून उपयोग नाही, आणि ताई, नवीन बीटा टाकून पण उपयोग नाही, त्याचंही हेच करतील.

शांतता_हवी
वा, कुणीतरी बोललं! टोपाथवर (कालव्याकाठच्या पायवाटेला) शेजारी उभी असलेली बोट सकाळी आठच्या ठोक्याला जी सुरू होते ती दुपारपर्यंत. रात्री आठ ते सकाळी आठ चालवायचं नाही असा नियम आहे म्हणून उरलेले बारा तास चालवायलाच हवं असं कुठे लिहिलंय? खिडकी उघडली की धूर थेट पोह्यांवर.

कालवेकर
विषय इंजिन बांधण्याचा आहे. आणि तुमच्यासारखे मरीनात विजेची केबल लावून बसणारे आम्हाला शिकवणार? आम्ही कंटिन्युअस क्रूझर, बोट बांधायची कायमची जागा नसलेले, दर १४ दिवसांनी हलायचं, त्यात एप्रिल २०२४ पासून कालवे सांभाळणाऱ्या ट्रस्टने बोटीच्या लायसन्सवर सरचार्ज लावला, आधी ५ टक्के, वाढवत २०२८ पर्यंत २५ करणार. ना मूरिंग, ना वीज, आणि वर पैसे जास्त! त्यावर लिहा की दोन ओळी.

शांतता_हवी
मरीनात नाहीये मी. मी पण क्रूझरच आहे. लिथियम बॅटऱ्या टाका, तासाभरात काम होतं.

टिलरताई
लिथियम जुन्या अल्टरनेटरला लावून आयडलवर ठेवलं तर अल्टरनेटर जळतो, काहीही सल्ले देऊ नका. रेग्युलेटर बदलावा लागतो, आणि मोठा अल्टरनेटर जुन्या बीएमसीला लावायचा तर ब्रॅकेट आणि पुली बनवून घ्या. नव्या इंजिनावर दोन अल्टरनेटर कारखान्यातूनच येतात. (हा पण माझाच मुद्दा होता, नोंद घ्यावी.)

कालवेकर
घेतली नोंद, फ्रेम करून लावतो. मोठा अल्टरनेटर म्हणजे इंजिनावर लोड, म्हणजे बोअर पण खराब होणार नाही, हे मात्र पटतंय. म्हणजे बांधायचंच, फक्त ब्रॅकेटचा खर्च धरून.

टिलरताई
ज्याला जे ऐकायचं तेच ऐकू येतं! बरं, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं आणि चांगलं निघालं तर बांधायची पण गरज नाही, नुसते इंजेक्टर आणि हीटर प्लग करा. आणि बांधलंच तर पंप आणि गिअरबॉक्सचे पैसे आत्ताच बाजूला काढा, तरी नव्यापेक्षा स्वस्त पडलं तर मी गप्प बसेन. तेवढ्यापुरती.

फिटरचा_मुलगा
शनिवारी मी रग्बी गावाकडे येतोय, कॉम्प्रेशनचं गेज घेऊन येतो. इंजिन गरम करून ठेवा, इंजेक्टर मी काढतो.

कालवेकर
या की. हिलमॉर्टनच्या लॉकांच्या (बोट वर-खाली नेणारे कालव्याचे दरवाजे) वर उभा आहे, हिरवी बोट.

शांतता_हवी
गरम करायला किती वाजता चालू करणार ते आधी कळवा. मी तुमच्या पुढे दोन बोटी सोडून आहे.