दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या आईला थोडे चालणे उपयोगी पडेल का?

प्रश्न (विडी घरकुल, सोलापूर):
माझी आई ५२ वर्षांची असून लग्नापासून विड्या वळते. सूप मांडीवर घेतले की ती तासन्‌तास उठत नाही. तिला रक्तदाबाचा त्रास आहे. नियमित हालचालीने अकाली मृत्यूचा धोका कमी होतो असे वाचले, परंतु व्यायामासाठी रोज तासभर काढणे तिला शक्य नाही. वडील यंत्रमागावर दिवसभर उभे असतात; तो व्यायाम धरावा का?

उत्तर १:
तासभराची अट आधी मनातून काढून टाकावी. तैवानमधील चार लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत (‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक, २०११) रोज सुमारे १५ मिनिटे मध्यम व्यायाम करणाऱ्यांमध्ये, जवळजवळ काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचा धोका १४ टक्के कमी आढळला आणि पुढील प्रत्येक १५ मिनिटांमागे तो आणखी सुमारे ४ टक्क्यांनी घटला. जो आज मुळीच चालत नाही, त्याच्याच पदरात सर्वाधिक लाभ पडतो, ही मला यातील सर्वांत दिलासा देणारी बाब वाटते. आई विड्या द्यायला कारखान्यात जात असतील, तर चालताना बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा वेगाने गेल्यास तेही चालणे हिशेबात धरावे. भारतासह १७ देशांतील ‘प्युअर’ अभ्यासात घरकाम, नोकरी आणि ये-जा यांतील श्रमांचाही लाभ दिसला होता.

उत्तर २:
वडिलांविषयी: एका जागी उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे. ब्रिटिश संशोधक जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील कर्मचाऱ्यांची तुलना केली, तेव्हा दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये बसून असणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी आढळला. त्यामुळे वडील मागांमध्ये किती फिरतात, हे पाहावे लागेल.

उत्तर ३:
एक सावधगिरी सांगते. अशा पाहण्यांत आजारी माणसे मुळातच कमी हालचाल करतात, त्यामुळे सगळे श्रेय व्यायामाला देता येत नाही. म्हणून अनेक संशोधक सुरुवातीच्या वर्षांतील मृत्यू वगळून पुन्हा हिशेब करतात आणि लाभ तरीही दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम असावा. तुमच्या आईंनी रक्तदाबाच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नयेत, आणि आपल्याकडील उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वीच चालून यावे. चालताना छातीत दुखले किंवा दम कोंडला तर तिथेच थांबून त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी.