मदत हवी आहे: डिस्ने वर्ल्डला आई-बाबांना मार्चमध्ये न्यावं की नव्या राइड्स होईपर्यंत थांबावं?

सांगलीची_लेक

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. आई-बाबा फेब्रुवारीअखेर सांगलीहून येतायत. दोघंही सत्तरीच्या पुढचे. मार्च २०२६ मध्ये त्यांना आणि पाच वर्षांच्या लेकीला घेऊन ऑर्लँडोला जायचं मनात आहे. पाच जणांची तिकिटं, विमान, हॉटेल म्हणजे खर्च भरपूर, त्यामुळे हे परत परत होणार नाही. नवऱ्याचं म्हणणं, सध्या निम्मं पार्क खोदून ठेवलंय, दोनेक वर्षं थांबू आणि सगळं तयार झालं की जाऊ. मला हे पटत नाहीये, म्हणून इथल्या जाणकारांना विचारतेय.

मला कळलेली परिस्थिती अशी. (डिस्ने वर्ल्डमध्ये मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम अशी चार पार्कं आहेत.) मॅजिक किंगडममधली नदी, टॉम सॉयर बेट आणि लिबर्टी स्क्वेअरची वाफेची बोट ७ जुलै २०२५ पासून कायमची बंद झाली. तिथे 'कार्स' सिनेमावरचा भाग होणार. त्याच्या पलीकडे खलनायकांची वेगळी नगरी होणार, ती ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाली तेव्हा तारीख दिलीच नव्हती. तिथलीच बिग थंडर ही रोलर कोस्टर जानेवारी २०२५ पासून दुरुस्तीला बंद आहे, ती २०२६ मध्ये उघडेल म्हणतात. अ‍ॅनिमल किंगडममधली डायनोसॉर राइड फेब्रुवारी २०२६ च्या सुरुवातीला बंद होतेय. त्या भागात 'एन्कांटो' आणि इंडियाना जोन्स या सिनेमांवरच्या राइड्स २०२७ मध्ये येणार. हॉलिवूड स्टुडिओजमधला मपेट्स या बाहुल्यांचा थ्रीडी शो जून २०२५ मध्येच संपला, तिथे 'मॉन्स्टर्स इंक' सिनेमावरची दारांची रोलर कोस्टर येणार.

मला खरी रुखरुख त्या बोटीची आहे. तीन मजली बोट, पाण्याखालच्या रुळावरून संथ जायची, बेटाला फेरी मारायला साधारण सतरा मिनिटं. उंचीची अट नाही, पट्टा नाही, धक्का नाही. आईचे गुडघे दुखतात, बाबांना गरगरतं. कठड्याला टेकून वारा खात नातीबरोबर बसता येईल अशी ती जागा होती, आणि १९७१ मध्ये पार्क सुरू झाल्यापासून होती. मपेट्सचा शोही तसाच, थंडगार हॉलमध्ये निवांत बसायचं. जे जातंय ते म्हाताऱ्या माणसांचं आणि अगदी लहान मुलांचं, आणि येतंय त्यातलं बरंचसं राइड्सवाल्यांसाठी. एवढी मोठी कंपनी, पंचवीस हजार एकरांच्या आसपास जमीन, तरी नदीच बुजवावी लागते? पैसा कुठे लावायचा हे ठरवताना आजी-आजोबा कुणाच्या डोळ्यांसमोर असतात का?

तर सांगा, जाहीर केलेल्या तारखांवर कितपत विसंबावं? आणि मार्चमध्ये गेलोच तर या दोघांसाठी बसण्यासारखं नक्की काय उरलंय? लेकीची उंची ४१ इंच आहे.

मुक्काम_टँपा

ताई, तारखांवर अजिबात विसंबू नका. मी इथे जवळच राहतो आणि ही बांधकामं बऱ्याच वर्षांपासून बघतोय.

मॅजिक किंगडममधल्या ट्रॉन या रोलर कोस्टरचंच बघा. जुलै २०१७ मध्ये जाहीर झाली. पार्कच्या पन्नाशीआधी, म्हणजे ऑक्टोबर २०२१ च्या आत, उघडायची होती. उघडली ४ एप्रिल २०२३ ला. मधे कोविड आला हे खरं, पण ही काही नवी राइड नव्हती. शांघायच्या डिस्ने पार्कमध्ये ती २०१६ पासून चालू होती, आराखडा तयार होता. तिच्या बांधकामापायी पार्कभोवती फिरणारी आगगाडी डिसेंबर २०१८ मध्ये थांबली ती थेट डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा धावली. ही आगगाडीही तुमच्या आई-बाबांसारख्यांचीच. म्हणजे उशिराची झळ फक्त नव्या राइडची वाट बघणाऱ्यांना बसत नाही, आजूबाजूचं जे बंद असतं त्यानेही बसते.

काही गोष्टी तर जाहीर होऊन झाल्याच नाहीत. २०१७ मध्ये मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवर मोठं नाट्यगृह सांगितलं होतं, पुढच्या वर्षी गुंडाळलं. २०१९ मध्ये एपकॉटसाठी मेरी पॉपिन्सची राइड सांगितली, ती कुठेच नाही. ऑर्लँडोतली दुसरी मोठी पार्क कंपनी युनिव्हर्सल, तिचंही तेच. तिचं नवं पार्क एपिक युनिव्हर्स ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर झालं, २०२० मध्ये काम थांबलं, मार्च २०२१ मध्ये परत सुरू झालं आणि पार्क उघडलं २२ मे २०२५ ला.

माझं मत स्पष्ट आहे. २०२७ ची तारीख पाळतीलही, पण २०२८ मध्ये 'सगळं तयार' असेल असं धरून आई-बाबांची सहल पुढे ढकलू नका. तोवर आणखी काहीतरी खोदलेलं असेल.

ताळेबंद

पैशाबद्दल थोडं. सप्टेंबर २०२३ मध्ये डिस्नेने पार्क आणि क्रूझ मिळून दहा वर्षांत ६० अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं. यात 'क्रूझ' हा शब्द सुटायला नको. डिसेंबर २०२४ मध्ये 'ट्रेझर' आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये 'डेस्टिनी' ही जहाजं आली. सिंगापूरच्या 'अ‍ॅडव्हेंचर'चा पहिला प्रवास १५ डिसेंबर २०२५ ला होता, तो गोदीतल्या उशिरामुळे १० मार्च २०२६ वर गेला. मुंबई-पुण्याहून ज्यांनी नाताळच्या सुट्टीचं बुकिंग केलं होतं त्यांची किती पंचाईत झाली असेल! म्हणजे उशीर फक्त राइड्सनाच होतो असं नाही.

नदी का बुजवली, याचं माझ्या मते उत्तर असं. बोट आणि नाट्यगृह शेकडो माणसं एका वेळी सामावून घेतात, पण खास त्यांच्यासाठी फारसं कोणी वेगळे पैसे मोजत नाही. जादा पैसे देऊन कमी लांबीच्या रांगेत शिरायची सोय लोक घेतात ती मुख्यतः राइडसाठी. जुलै २०२४ पासून त्याला लाइटनिंग लेन मल्टी पास म्हणतात. शिवाय नव्या पात्रांच्या बाहुल्या आणि टोप्या खपतात. त्यात बाजूला एपिक युनिव्हर्स उभं राहिल्यावर मोठी घोषणा करायचा दबाव वाढला. मला यात दुःख एवढंच वाटतं की दिवसभर पायपीट करणाऱ्या माणसाला टेकायला जागा लागते, आणि ती हिशेबात कुठल्या रकान्यात लिहायची हे कुणाला सुचत नाही. सावलीतलं बाक हाही गुंतवणुकीचाच भाग धरायला हवा.

आजीबाई_कामाच्या

बाळ, मी स्वतः गुडघेवाली आहे आणि नातवंडांबरोबर जाऊन आलेय, म्हणून सांगते. जा. नक्की जा.

बसण्यासारखं अजून पुष्कळ आहे. मॅजिक किंगडममध्ये पीपलमूव्हर: उघडा डबा, वरून पार्कचा बराच भाग दिसतो, फक्त चढताना सरकत्या पट्ट्यावर पाय टाकायचा असतो, तिथे बाबांचा हात धर. यांत्रिक अस्वलांचं गाणं-बजावणं २०२४ मध्ये नव्याने बसवलंय, तेही बसून बघायचं. एपकॉटला 'लिव्हिंग विथ द लँड' ही बोट चुकवू नकोस. काचेच्या घरांतून जाते, आत भाज्या, फळं, मासे. सांगलीच्या शेतीतली माणसं असतील तर तुझे बाबा तिथून हलायचे नाहीत. अ‍ॅनिमल किंगडममध्ये नावी रिव्हर जर्नी अगदी शांत आहे. सफारी मात्र खडखडाट करते, मणक्याचा त्रास असेल तर विचार कर.

लेकीला ४१ इंचात सेव्हन ड्वार्फ्स आणि स्लिंकी डॉग (किमान उंची ३८ इंच), टियानाची पाण्याची राइड (४०) मिळतात. कॉस्मिक रीवाइंड ४२ आणि फ्लाइट ऑफ पॅसेज ४४, ती राहतील. दोन वर्षं थांबलीस तरी ट्रॉनच्या ४८ ला ती पोचेलच असं नाही. मोठ्या राइडला 'रायडर स्विच' माग: एक जण मुलीपाशी थांबतो, मग दुसरी रांग न लावता अदलाबदल होते.

एक मात्र कर. २०२६ चा ईस्टर ५ एप्रिलला आहे. मार्चच्या मध्यापासून शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी वाढत जाते. पहिला आठवडा जमतोय का बघ.

सांगलीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, बाबांची द्राक्षबाग आहे, त्यामुळे काचेच्या घरांतली बोट आधी. ट्रॉन आणि आगगाडीचं नवऱ्याला वाचून दाखवलं, तो आता थांबा म्हणत नाहीये. मार्चचा पहिला आठवडा धरून तिकिटं बघते. एपिक युनिव्हर्समध्ये सावली कमी असल्याचं बऱ्याच जणांकडून ऐकलं, म्हणून ते या वेळी नाही.

एकच राहिलं: आईसाठी चाकाची खुर्ची पार्कमध्ये भाड्याने घ्यावी की बाहेरून घेऊन हॉटेलपर्यंत आणावी? कोणी दोन्ही करून बघितलं असेल तर सांगा.